डॉक्टर हू : खलनायक, कलाटण्या आणि आपण बांधलेले अंदाज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही मालिका पाहणारी दोन माणसं भेटली की पाच मिनिटांत खलनायकांचा विषय निघतो आणि मग तो संपता संपत नाही. नव्या-जुन्या प्रेक्षकांकडून जे प्रश्न मला पुन्हापुन्हा ऐकायला मिळतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तारखा आणि नावं मालिकेची, मतं माझी.

एक सूचना आधीच देतो. खाली सगळ्या मोठ्या कलाटण्या उघड केल्या आहेत. मालिका अजून पाहिली नसेल तर सरळ शेवटच्या प्रश्नावर जा. तेवढंच उत्तर स्पॉयलरविना लिहिलं आहे.

थोडक्यात, ही मालिका आहे काय?

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झालेली ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. टाइम लॉर्ड जमातीचा एक भटक्या, स्वतःला नुसतं 'डॉक्टर' म्हणवणारा, टार्डिस नावाच्या यानातून काळात आणि अवकाशात फिरतो. यान बाहेरून पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसतं. मरणाच्या दारात पोचला की तो शरीर बदलतो, त्यामुळे नट बदलले तरी मालिका चालू राहते. १९८९ मध्ये ती थांबली, १९९६ मध्ये एक टीव्ही चित्रपट आला, आणि २००५ पासून नवं पर्व सुरू झालं.

सगळ्यात मोठा खलनायक कोण, डालेक की मास्टर?

या प्रश्नावर रात्री जागवल्या गेल्या आहेत. माझं उत्तर असं: धातूच्या कवचात राहणारी परग्रहावरची जमात म्हणजे डालेक, ते शत्रू आहेत; मास्टर हा खलनायक आहे. डालेकशी बोलता येत नाही. त्याच्या मते जो डालेक नाही तो जगायला नालायक, इथे विषय संपला. मास्टरशी मात्र बोलता येतं, आणि धोका तिथेच आहे. तो डॉक्टरचा बालमित्र आहे, तितकाच हुशार आहे, तितकाच एकटा आहे. घर सोडून तोही पळाला आणि डॉक्टरही पळाला. एकाला जग पाहायचं होतं, दुसऱ्याला ते ताब्यात हवं होतं.

मास्टर पहिल्यांदा दिसला जानेवारी १९७१ मध्ये. निर्माते बॅरी लेट्स आणि पटकथा संपादक टेरन्स डिक्स यांना डॉक्टरसाठी शेरलॉक होम्सच्या मोरिआर्टीसारखा तोडीस तोड प्रतिस्पर्धी हवा होता. रॉजर डेल्गाडो यांनी तो असा उभा केला की त्याची सभ्यता पाहूनच अंगावर काटा यावा. काळा पोशाख, कोरलेली दाढी, आवाजात मध, आणि समोरच्याला संमोहित करून आत्महत्येला लावणारी नजर. पडद्यावर डॉक्टरचा जीव घ्यायला निघालेले डेल्गाडो पडद्यामागे डॉक्टर झालेल्या जॉन पर्टवी यांचे जवळचे मित्र होते. त्यांच्या प्रसंगांत जी ऊब जाणवते ती तिथूनच आली असणार, असं मला वाटतं.

एक चूक मात्र तेव्हा झाली. १९७१ च्या सीझनमध्ये पाच कथा होत्या आणि पाचही कथांत मास्टर होता. तिसऱ्या कथेपासून प्रेक्षक नव्या पात्राकडे बघून 'हाच तो' म्हणायला लागले. पुढच्या वर्षी त्याला दोनच कथांत आणलं, आणि तो पुन्हा भीतीदायक झाला. खलनायक किती वापरावा याचा याहून स्वच्छ धडा मला ठाऊक नाही.

डालेक तर चाकांवरच्या मिरपूडदाणीसारखे दिसतात. त्यांना घाबरायचं कशाला?

ते पहिल्यांदा कसे दाखवले ते पाहा. २१ डिसेंबर १९६३ च्या भागाच्या शेवटी शाळेतली शिक्षिका बार्बरा एका अनोळखी शहराच्या भिंतींमध्ये अडकली आहे. कॅमेरा तिच्यावर रोखलेला, चौकटीत पुढे येतो फक्त एक धातूचा हात, आणि ती किंचाळते. त्या दिवशी प्रेक्षकांना एवढंच दिसलं. पूर्ण डालेक पाहायला आठवडाभर थांबावं लागलं. मालिकेतली ही पहिली मोठी टांगणी, आणि त्या एका आठवड्यात लोकांनी आपापल्या मनात जो प्राणी उभा केला त्याचा धाक पुढे कायम राहिला.

लेखक टेरी नेशन, आणि ते रूप देणारे बीबीसीचे डिझायनर रेमंड कुसिक. आतला माणूस जाणवू नये म्हणून पाय काढून टाकले, चेहरा काढून टाकला. डोळ्याच्या जागी दांड्यावरचं भिंग, आणि चिडला की चिरकणारा आवाज. गंमत म्हणजे मालिकेची कल्पना मांडणारे सिडनी न्यूमन यांनी 'बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत' अशी ताकीदच दिली होती. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी तरीही डालेक आणले, आणि मालिका त्यांच्यावरच तरली.

पण डालेक समजून घ्यायचे तर १९७५ ची 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' पाहायलाच हवी. हजार वर्षं चाललेल्या युद्धात डॅव्हरॉस नावाचा अपंग, कमालीचा बुद्धिमान शास्त्रज्ञ आपल्या जमातीचं पुढचं रूप घडवतोय. दया हा दोष समजून त्याने ती काढून टाकली आहे. डॉक्टरला तिथे पाठवलंय ते डालेक जन्मण्याआधीच संपवायला. एक क्षण येतो: त्याच्या हातात दोन तारा आहेत, एकमेकींना टेकवल्या की सगळं संपलं. आणि तो थांबतो. एक अख्खी जात जन्माआधी पुसून टाकण्याचा हक्क आपल्याला आहे का, हा प्रश्न तो मोठ्याने विचारतो. डालेकांच्या भीतीने एकत्र आलेले ग्रहही त्याला आठवतात. खलनायकाची कथा नायकाला इतक्या अवघड जागी आणून उभी करते तेव्हाच ती लक्षात राहते. या प्रसंगात डॉक्टर बरोबर वागला का यावर आजही एकमत नाही, आणि होऊही नये.

मग सायबरमेन वेगळे कसे? तेही भावनाशून्यच ना?

डालेक द्वेष करतात. सायबरमेनांना तुमच्याबद्दल द्वेष नाही, त्यांना तुम्हाला 'सुधारायचं' आहे. १९६६ च्या 'द टेन्थ प्लॅनेट' मध्ये ते आले. सहलेखक किट पेडलर हे वैद्यकीय संशोधक होते. माणसाचे अवयव एकेक करून कृत्रिम होत गेले तर कुठल्या टप्प्यावर तो माणूस राहत नाही, ही त्यांची खरीखुरी काळजी होती. म्हणून त्या पहिल्या सायबरमेनांचे चेहरे कापडाचे आहेत आणि हात माणसाचे आहेत. पुढे ते चकचकीत होत गेले तसतशी त्यांची भीती कमी झाली, असं माझं ठाम मत आहे.

त्याच कथेच्या शेवटी विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर कोसळतो आणि पॅट्रिक ट्राउटन यांचा डॉक्टर उठतो. मालिकेतला पहिला कायापालट. तो चौथा भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसा झाला, नंतर ॲनिमेशनने भरून काढावा लागला. कायापालटाची फीत मात्र सुदैवाने उरली.

वीपिंग एंजल्स इतके गाजले कशामुळे?

त्यांच्यासाठी प्रेक्षकालाच कामाला लावलं म्हणून. ९ जून २००७ च्या 'ब्लिंक' मध्ये डॉक्टर जवळजवळ नाहीच. सॅली स्पॅरो नावाची मुलगी आणि दगडी देवदूतांचे पुतळे आहेत. कुणी बघत असेल तोवर ते दगड. पापणी लवली की जवळ येतात. त्या अख्ख्या भागात पुतळा हलताना एकदाही दाखवलेला नाही. खोलीत कुणाचंच लक्ष नसतानाही ते स्थिर असतात, आणि चाहत्यांनी त्याचं जे स्पष्टीकरण दिलं ते मला फार आवडतं: आपण बघतोय ना!

२०१० च्या 'फ्लेश अँड स्टोन' मध्ये त्यांना मान वळवताना दाखवलं. तिथे ते स्पष्टीकरणही गेलं आणि अर्धी भीतीही गेली.

आजवरची सगळ्यात चांगली कलाटणी कोणती?

'युटोपिया', १६ जून २००७. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण कलाटणी कशी रचावी हे यात पायरीपायरीने दिसतं.

पहिली पायरी १४ एप्रिलला, 'ग्रिडलॉक' मध्ये. अतिप्राचीन असा फेस ऑफ बो मरताना डॉक्टरला सांगतो की तू एकटा नाहीस. टाइम लॉर्ड सगळे मेले, हे डॉक्टर २००५ पासून सांगत आलाय. तो ते वाक्य झटकून टाकतो आणि आपणही विसरतो.

दुसरी पायरी मे-जूनमध्ये, 'ह्यूमन नेचर' आणि 'द फॅमिली ऑफ ब्लड' या जोडकथेत. शत्रूंपासून लपायला डॉक्टर स्वतःला खराखुरा माणूस करून टाकतो आणि आपलं टाइम लॉर्डपण एका खिशातल्या घड्याळात बंद करतो. ही कथा स्वतःच इतकी हृदयद्रावक आहे की घड्याळ हा पुढच्या कशाचा तरी पुरावा असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. खुबी इथे आहे. सुगावा अशा जागी ठेवलाय जिथे त्याला स्वतःचं काम आहे.

तिसरी पायरी पंतप्रधानपदाचा उमेदवार हॅरॉल्ड सॅक्सन. त्याचं नाव २००६ च्या नाताळच्या भागापासून उडत उडत कानावर पडत होतं. तो अजून दिसलेला नाही. हा सॅक्सन म्हणजेच मास्टर हे नंतर कळतं.

आणि मग 'युटोपिया'. विश्वाच्या अखेरीस, १०० लाख कोटी वर्षांनंतर, एक दमलेला, दयाळू म्हातारा प्राध्यापक उरल्यासुरल्या माणसांसाठी यान बांधतोय. डेरेक जेकबी यांनी तो इतका लोभस केलाय की आपण त्याच्या प्रेमात पडतो. त्याला डोक्यात ढोल ऐकू येतात. मग डॉक्टरची सोबतीण मार्था हिला त्याच्या हातात दिसतं तसंच घड्याळ, त्याच नक्षीचं. लहानपणी सापडलो तेव्हापासून माझ्याजवळ आहे, तो म्हणतो. मार्था धावत डॉक्टरकडे जाते. प्राध्यापकाचं नाव याना. 'तू एकटा नाहीस' या इंग्रजी वाक्यातल्या चार शब्दांची आद्याक्षरं.

घड्याळ उघडतं आणि त्या म्हाताऱ्याचे डोळे बदलतात. मला दर वेळी वाईट वाटतं ते याचं, की मास्टर परत आला त्या क्षणी याना मेला. तो भला माणूस खोटा नव्हता, त्याला आपण कोण हे माहीतच नव्हतं. कलाटणीने आपल्याकडून काही हिरावून घेतलं. नुसता धक्का बसून प्रेक्षक हललेला नाही, त्याचं नुकसान झालंय.

माझी कसोटी साधी आहे. भाग दुसऱ्यांदा पाहायचा. उत्तर ठाऊक असताना तो पहिल्यापेक्षा जास्त आवडला तर कलाटणी खरी. 'युटोपिया' मी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही.

आणि फसलेली?

१९८६ मध्ये डॉक्टरवर खटला चालतो, १४ भागांचा. सरकारी वकील व्हॅलियार्ड हा डॉक्टरच्याच काळ्या बाजूचा, भविष्यातला अंश आहे हे मास्टर उघड करतो. कल्पना जबरदस्त आहे. पण तो उलगडा जेमतेम एका संवादात उरकला जातो आणि पुढे त्याचं काही होत नाही. कारणही दुःखद आहे: शेवट लिहिणारे रॉबर्ट होम्स काम पुरं होण्याआधीच वारले, पटकथा संपादक एरिक सॉवर्ड यांनी मालिका सोडली आणि आपला शेवट मागे घेतला. मग पिप आणि जेन बेकर या दांपत्याला शेवटचा भाग घाईघाईने नव्याने लिहावा लागला. इतकं चांगलं बीज असं वाया गेलेलं मालिकेत दुसरं नाही.

'द स्टोलन अर्थ' च्या शेवटी डॉक्टरचा कायापालट सुरू होतो आणि पुढच्या भागात काहीच होत नाही. ही फसवणूक नाही का?

२८ जून २००८ ला तो भाग संपला आणि पुढचा आठवडा ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांपासून शाळांपर्यंत एकच चर्चा होती: डॉक्टर साकारणारे डेव्हिड टेनंट जाणार का? ५ जुलैला कळलं की डॉक्टरने ती ऊर्जा आपल्या तुटलेल्या, बरणीत जपलेल्या हातात वळवली. पुष्कळांचा हिरमोड झाला. माझाही झाला होता.

पण बरणीतला तो हात ऐनवेळी आणलेला नव्हता. २००५ च्या नाताळात तलवारीच्या लढाईत तो तुटलेला आपण पाहिला होता, नंतर डॉक्टरचा जुना सोबती जॅक याच्या पिशवीत पाहिला होता, मास्टरने तो वापरलेला पाहिला होता. शिवाय याची किंमत पाच वर्षांनी चुकवावी लागली. टाइम लॉर्डला बाराच कायापालट मिळतात हा नियम १९७६ चा. २०१३ च्या नाताळच्या भागात डॉक्टर हिशेब मांडतो तेव्हा तो अर्धवट कायापालटही धरला जातो आणि त्याच्याकडे एकही शिल्लक नसतो. त्या दिवशी माझा २००८ चा राग गेला.

मी कलाटणी आधीच ओळखली. मग मजा गेली ना?

मुळीच नाही. सुगावे ठेवलेले असतात ते कुणीतरी ओळखावं म्हणूनच.

रिव्हर साँगचं घ्या. २००८ मध्ये ती पहिल्यांदा भेटते आणि त्याच कथेत मरते. डॉक्टर तिला ओळखत नाही, ती त्याला पुरती ओळखते. ४ जून २०११ ला कळतं की ती डॉक्टरच्या तेव्हाच्या सोबत्यांची, एमी पाँड आणि रोरीची मुलगी, मेलडी पाँड. मेलडी म्हणजे साँग, आणि ज्या लोकांच्या भाषेत तळ्याला शब्द नाही त्यांनी पाँडचं केलं रिव्हर. चाहत्यांपैकी काहींनी हे नातं आधीच ताडलं होतं. ज्यांना उलगडा झाल्यावर सगळ्यात जास्त आनंद झाला ते हेच लोक होते.

मिसीचंही तसंच. ऑगस्ट २०१४ मध्ये ती दिसली तेव्हापासून अंदाज सुरू होते, १ नोव्हेंबरला तिने मिसी हे 'मिस्ट्रेस' चं छोटं रूप असल्याचं सांगितलं. म्हणजे मास्टर. मिशेल गोमेझ यांनी ते वाक्य असं म्हटलंय की उत्तर माहीत असूनही ठोका चुकतो.

रानीची गोष्ट तर निराळीच. १९८५ मध्ये केट ओ'मारा यांनी साकारलेली ही टाइम लॉर्ड शास्त्रज्ञ, नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. १९८७ नंतर ती मुख्य कथांतून गेली, आणि नव्या पर्वात कुठलीही गूढ स्त्री दिसली की चाहते म्हणत, ही रानीच. वर्षानुवर्षं चुकत राहिले. मग २०२३ च्या नाताळात मिसेस फ्लड नावाची शेजारीण थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलली. पुन्हा तोच अंदाज, पुन्हा सगळे हसले. १७ मे २०२५ ला ती खरंच रानी निघाली! इतकी वर्षं धरून ठेवलेला हट्ट खरा ठरतो तेव्हा होणारा आनंद त्या रात्री ज्यांनी अनुभवला त्यांनाच कळेल.

नावांमध्ये अक्षरांची कोडी असतात हे खरं का?

खरं, आणि हा मालिकेचा जुना खेळ आहे. मास्टर वेषांतर करून येणार असेल तर श्रेयनामावलीत नटाचं नाव छापून कसं चालेल? म्हणून १९८२ मध्ये टोनी एन्ली यांच्या इंग्रजी नावाची अक्षरं उलटीपालटी करून 'नील टॉयने' असा नवाच नट निर्माण केला गेला. त्याच वर्षी आणखी एकदा 'लिऑन नी ताय'. १९८३ मध्ये 'जेम्स स्टोकर', ज्याची अक्षरं जुळवली की 'मास्टर्स जोक' होतं. १९८८ मध्ये डॅव्हरॉस लपवायला टेरी मॉलॉय यांचे 'रॉय ट्रोमेली' झाले. 'मिस्टर सॅक्सन' च्या इंग्रजी अक्षरांतून 'मास्टर नंबर सिक्स' निघतं हे चाहत्यांनीच शोधून काढलं.

२०२४ मध्ये लेखकाने या सवयीचाच सापळा केला. सुझन ट्रायड नावाची उद्योजिका, तिची कंपनी 'एस ट्रायड', आणि ती अक्षरं जुळवली की होतं टार्डिस. चाहते म्हणाले, ही डॉक्टरची नात सुझन. कथेत डॉक्टरलाही तेच वाटलं. पण खरा सुगावा कोड्यात नव्हता, सरळ उच्चारात होता: सुझनचं 'सू' आणि तिच्या टेक्नॉलॉजी कंपनीचं 'टेक', म्हणजे सूटेख, १९७५ च्या 'पिरॅमिड्स ऑफ मार्स' मधला मृत्यूचा देव. ४९ वर्षांनी त्याला आवाजही त्याच नटाचा, गेब्रियल वुल्फ यांचा. आपण हुशारीने कोडं सोडवत बसलो आणि उत्तर कानांवर आदळत होतं.

त्याच सीझनमध्ये डॉक्टरची सोबतीण रूबी हिची आई कोण, याचं उत्तर फारच साधं निघालं. चाहते का चिडले?

सगळा सीझनभर बर्फ पडतोय, गूढ वाढतंय, आणि शेवटी ती एक सामान्य बाई, पंधराव्या वर्षी बाळ सोडावं लागलेली. मला ही कल्पना मनापासून पटते. ती महत्त्वाची ठरली कारण सगळ्यांना ती कोण हे हवं होतं. पण रहस्य फुगवायला जे चमत्कार दाखवले त्यांचा हिशेब नीट लागत नाही, हा आक्षेपही खरा आहे. दुसऱ्यांदा पाहताना ते चमत्कार टोचतात.

'टाइमलेस चाइल्ड' मुळे मालिका बिघडली का?

१ मार्च २०२० नंतर मित्रांमध्ये यावरून अबोला झालेला मी पाहिलाय. कलाटणी अशी: डॉक्टर (तेव्हा तिचं रूप स्त्रीचं होतं) मूळची गॅलिफ्रेची, म्हणजे टाइम लॉर्डांच्या ग्रहाची, नाहीच. ती कुठल्या तरी दुसऱ्या विश्वातून आलेलं, अमर्याद कायापालट करू शकणारं अनाथ मूल. तिच्यापासून टाइम लॉर्डांनी ती शक्ती घेतली आणि तिची आठवण पुसली. हार्टनेल हे पहिले डॉक्टर उरले नाहीत.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. डॉक्टर हा घर सोडून पळालेला एक साधा, खोडकर टाइम लॉर्ड होता. जे केलं ते मनाने केलं, जन्माने मोठा होता म्हणून नव्हे. ते गेलं तर पुष्कळ गेलं. पण 'कुठलाही आधार नसताना बदललं' हे म्हणणं चूक आहे. १९७६ च्या 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस' मध्ये मनांच्या द्वंद्वात हार्टनेलच्याही आधीचे आठ चेहरे दिसतात. मालिकेतल्याच मंडळींनी पोशाख चढवून दिलेले ते फोटो. ४४ वर्षं चाहते त्यांचं काय करायचं यावर भांडत होते.

माझी खरी तक्रार मांडणीबद्दल आहे. मास्टर डॉक्टरला एका जागी खिळवून ठेवतो आणि सगळं सांगत सुटतो. डॉक्टर काही शोधत नाही, काही निवडत नाही, नुसती ऐकते. एवढी मोठी कलाटणी कुणाच्या तरी तोंडून भाषणासारखी ऐकावी लागली. त्याच सीझनमध्ये जानेवारीत जोडी व्हिटेकर यांची डॉक्टर जमिनीतून टार्डिस उकरून काढते आणि ती जो मार्टिन यांच्या, आधी कधी न दिसलेल्या डॉक्टरची निघते, तो प्रसंग त्याच कथेचा भाग आहे आणि शतपटीने चांगला आहे.

खलनायक सुधारला की कंटाळवाणा होतो, असं तुम्हाला वाटत नाही?

मिसीचा शेवट पाहिल्यानंतर नाही वाटत. २०१७ मध्ये डॉक्टर तिला कैदेत ठेवून चांगुलपणा शिकवू पाहतो. १ जुलैच्या 'द डॉक्टर फॉल्स' मध्ये तिच्याच मागच्या जन्माशी, जॉन सिम यांच्या मास्टरशी, तिची गाठ पडते. डॉक्टर दोघांना विनवतो: माझ्याबरोबर उभे राहा, जिंकणार नाही आपण, तरीही. दोघं निघून जातात. आणि मग जंगलात मिसी स्वतःच्या त्या जुन्या रूपाला सुरा मारते, कारण तिला परत जाऊन डॉक्टरच्या बाजूने उभं राहायचंय. तो मरता मरता तिच्यावर मागून लेसर झाडतो. डॉक्टरच्या बाजूने जाण्यापेक्षा मेलेलं बरं, हे त्याचं मत. दोघंही या विनोदावर हसत राहतात.

डॉक्टरला हे कधीच कळत नाही. ती सुधारली होती, ती येत होती, हे फक्त आपल्याला माहीत आहे. मला या मालिकेत याहून मोठं काही दिसत नाही.

स्पॉयलरबद्दल काय नियम असावा?

दुसऱ्याने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. वर्षं किती झाली हा मुद्दाच नाही, कारण रोज कुणीतरी ही मालिका पहिल्यांदा पाहत असतं.

गुपित जपल्याने काय मिळतं याचं उदाहरण १९८२ चं 'अर्थशॉक'. सात वर्षं न दिसलेले सायबरमेन पहिल्या भागाच्या शेवटी अचानक दिसतात. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना कार्यक्रमांची माहिती देणाऱ्या 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ मिळत होतं, त्यांनी ते नाकारलं, कारण गुपित फुटलं असतं. त्याच कथेच्या शेवटी एड्रिक हा तरुण सोबती मरतो आणि नामावली संगीताशिवाय सरकते. याउलट २०१७ मध्ये जॉन सिम परत येणार हे आधीच जाहीर केलं, आणि 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' मधलं त्यांचं अप्रतिम वेषांतर बऱ्याच जणांसाठी वाया गेलं. मला त्याची अजून हळहळ वाटते.

आणि चाहत्यांचा मोठेपणा पाहायचा तर मे २०१३. अमेरिकेत २१० जणांना सीझनच्या डिस्क चुकून वेळेआधी घरपोच मिळाल्या. त्यात अजून प्रसारित न झालेला शेवटचा भाग होता, ज्याच्या अखेरीस जॉन हर्ट यांचा अज्ञात डॉक्टर दिसतो. बीबीसीने विनंती केली: गप्प राहा, गुपित टिकलं तर सगळ्यांसाठी एक खास चित्रफीत देऊ. गुपित टिकलं. १८ मे ला भाग लागला आणि कबूल केलेली फीत आली. ओळखदेख नसलेल्या २१० माणसांनी लाखो अनोळखी माणसांचा आनंद राखला. कुणी मला विचारतं की इतक्या जुन्या मालिकेच्या चाहत्यांमध्ये राहून काय मिळतं, तेव्हा मी ही गोष्ट सांगतो.

नव्याने पाहायला कुठून सुरुवात करू?

२००५ पासून केलीत तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर २००७ चा तिसरा सीझन घ्या आणि ओळीने पाहा, मधला एकही भाग गाळू नका. तिसऱ्या भागाचा शेवट नीट ऐका. आठवा आणि नववा एकाच बैठकीत पाहा. दहावा रात्री एकट्याने पाहू नका. आणि अकरावा संपेपर्यंत कलाकारांची यादी उघडू नका.